एका छताची साठ वर्षे : सिएटलच्या सार्वजनिक क्रीडागृहाचा इतिहास

बंदिस्त क्रीडागृहातील सामना पावसामुळे थांबवावा लागला, असे सांगितले तर ऐकणाऱ्याचा सहसा विश्वास बसणार नाही. परंतु अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल या शहरात ५ जानेवारी १९८६ रोजी नेमके हेच घडले. सिएटल सुपरसॉनिक्स आणि फीनिक्स सन्स या दोन व्यावसायिक संघांमध्ये बास्केटबॉलचा सामना चालू होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि छतातून पाण्याचे थेंब लाकडी मैदानावर पडत होते. मैदान पुसून घेऊन खेळ चालू ठेवण्याचा प्रयत्न झाला, तरी ओल्या फळ्यांवरून खेळाडू घसरू लागले. दुसऱ्या सत्रात फीनिक्सचा संघ ३५-२४ असा पुढे असताना पंचांनी खेळ थांबवला. उरलेला सामना दुसऱ्या दिवशी, जेथे थांबला होता तेथून पुढे, खेळवण्यात आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, म्हणजे एनबीएच्या, इतिहासात पावसाने थांबवलेला पहिला सामना म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

ज्या छतातून ते पाणी आले, ते छत त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते. आज त्याने साठी ओलांडली आहे आणि ते आपल्या जागी उभे आहे. त्याच्याखालचे क्रीडागृह मात्र तीन वेळा बांधले गेले : १९६४ मध्ये, १९९५ मध्ये आणि २०२१ मध्ये. वास्तूला तीन नावे मिळाली, एक नामांकित संघ तेथे वाढला आणि एके दिवशी शहर सोडून निघून गेला. सार्वजनिक मालकीच्या मोठ्या वास्तू जुन्या होतात म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी सिएटलचे हे उदाहरण फार उपयोगी आहे. काँक्रीट आणि पोलाद यांचे आयुष्य अभियंत्याला मोजता येते. त्या छताखाली कोण खेळणार, किती वर्षे खेळणार आणि खर्च कोणाच्या अंगावर पडणार, हा हिशेब मात्र दर पंधरा-वीस वर्षांनी मोडतो. सिएटलमध्येही छताच्या गळतीपेक्षा या हिशेबाची गळती अधिक महाग पडली.

प्रदर्शनातील दालन

ही वास्तू मुळात क्रीडागृह म्हणून बांधलेली नव्हती. २१ एप्रिल ते २१ ऑक्टोबर १९६२ या सहा महिन्यांत सिएटल येथे ‘सेंच्युरी २१’ या नावाचे जागतिक प्रदर्शन भरले. सुमारे ९६ लाख लोकांनी ते पाहिले. अंतराळ संशोधनाने भारलेले ते दिवस होते. ‘स्पेस नीडल’ हा ६०५ फूट उंचीचा मनोरा आणि शहराच्या मध्यभागाला प्रदर्शनाशी जोडणारी एका रुळावरची आगगाडी याच प्रदर्शनासाठी उभारण्यात आली. यजमान वॉशिंग्टन राज्याने आपले दालन बांधण्याचे काम पॉल थिअरी या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपवले. संपूर्ण प्रदर्शनाचे ते प्रमुख वास्तुशिल्पज्ञही होते. (हे वॉशिंग्टन म्हणजे देशाची राजधानी नव्हे. पॅसिफिक किनाऱ्यावरील या राज्याचे सर्वांत मोठे शहर सिएटल होय.)

दालनात एकविसाव्या शतकातील जीवन कसे असेल याचा देखावा मांडला होता. ॲल्युमिनियमच्या हजारो घनाकृती पेट्या मधाच्या पोळ्यासारख्या रचलेल्या होत्या आणि एका पारदर्शक गोलाकार पाळण्यात बसून प्रेक्षक त्या पोळ्यात वर जात. प्रदर्शन संपले की पोळेही उतरवायचे होते आणि पाळणाही. इमारत मात्र टिकणार होती.

प्रदर्शने संपल्यावर त्यांच्या इमारतींचे काय होते, हे जगभर दिसते. कित्येक पाडल्या जातात, कित्येक गोदामे होतात. थिअरी यांनी याचा विचार आधीच केला होता. छताचा भार आतील कशावरही पडू नये, म्हणजे पुढे कोणत्याही उपयोगासाठी आतली जागा मोकळी राहील, अशी रचना त्यांनी केली. पुढील साठ वर्षांचा सारा इतिहास या एका निर्णयावर उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

खोगिराच्या आकाराचे छत

या छताचा आकार थोडा समजून घेणे इष्ट ठरेल. घोड्याच्या खोगिराला दोन वाक असतात. एका दिशेने पाहिले तर ते वर उचललेले दिसते, आडव्या दिशेने पाहिले तर खाली उतरलेले. भूमितीत या पृष्ठभागाला हायपरबोलिक पॅराबोलॉइड असे लांबलचक नाव आहे. त्याचा चमत्कार असा की, पृष्ठभाग वक्र असला तरी तो संपूर्णपणे सरळ रेषांनी भरता येतो. शिक्षकांना याचा प्रयोग वर्गात सहज करता येईल. दोन काठ्या समोरासमोर धराव्यात, एक डावीकडे कललेली आणि एक उजवीकडे. दोहोंवर सारख्या अंतरावर खुणा करून समोरासमोरच्या खुणांना दोऱ्या ताणून बांधाव्यात. प्रत्येक दोरी सरळच असते, पण सर्व दोऱ्यांनी मिळून जो पडदा तयार होतो तो खोगिरासारखा वळलेला असतो. सरळ पोलादी दोर आणि सरळ तुळया वापरून वक्र छत उभे करता येते, ते याच गुणामुळे. शिवाय दोन दिशांचे वाक एकमेकांना ताणून धरत असल्याने असे छत कमी सामग्रीत मोठा पल्ला झाकते.

सिएटलच्या इमारतीवर असे चार खोगीरपृष्ठ एकमेकांना जोडलेले आहेत. चारही बाजूंच्या मध्यावर काँक्रीटचे तिवईसारखे चार प्रचंड आधार असून छताचा भार त्यांच्यातून जमिनीत उतरतो. प्रत्येक बाजू सुमारे ३६० फूट लांब आणि मध्यभागी शिखराची उंची ११० फूट आहे. आत एकही खांब नाही. दुरून पाहिले असता चारी बाजूंना उतरत्या पंखांची एखादी टोपी जमिनीवर ठेवल्यासारखी ही वास्तू दिसते. पावसाळी शहराने डोक्यावर टोपी घालावी, हे एका दृष्टीने योग्यच झाले. मात्र मूळ रचनेत ताणलेल्या पोलादी दोरांवर हलके पत्रे बसवलेले होते आणि ताणलेले छत वाऱ्याने व थंडी-उन्हाने थोडेफार हलतच असते. जेथे पत्र्यांचे सांधे असतात तेथे पाण्याला वाट मिळते. दोष छताच्या आकाराचा नव्हता, आच्छादनाचा आणि देखभालीचा होता.

प्रदर्शनानंतर सिएटल महापालिकेने ही इमारत राज्याकडून सुमारे २९ लाख डॉलरना विकत घेतली, आत प्रेक्षकांसाठी आसने बांधली आणि १९६४ मध्ये ती क्रीडागृह व सभागृह म्हणून खुली केली. ‘कोलिझियम’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी २१ ऑगस्ट रोजी इंग्लंडच्या ‘बीटल्स’ या गायकवृंदाचा कार्यक्रम येथे झाला. सिएटल विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ येथे खेळू लागला. १९६७ मध्ये एनबीएमध्ये नव्याने प्रवेश मिळालेला ‘सुपरसॉनिक्स’ हा व्यावसायिक संघ भाडेकरू म्हणून आला. सिएटलमध्ये विमाने बांधण्याचा मोठा उद्योग आहे, त्यावरून संघाला ध्वनीपेक्षा वेगवान विमानाचे नाव मिळाले. लोक प्रेमाने त्याला ‘सॉनिक्स’ म्हणत.

घुमटाशी तुलना

कोलिझियम बहुउपयोगी होते. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण. १९७८ मध्ये सॉनिक्स संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत पोहोचला, तेव्हा चौथ्या सामन्याच्या दिवशी कोलिझियममध्ये फिरत्या घरांचे प्रदर्शन आधीच ठरलेले होते. राष्ट्राचे लक्ष लागलेला सामना म्हणून शहराच्या दुसऱ्या वास्तूत, ‘किंगडोम’ या अवाढव्य काँक्रीटच्या घुमटात, हलवावा लागला. तेथे ३९,४५७ प्रेक्षक आले. मालिकेचा सातवा व निर्णायक सामना पुन्हा कोलिझियममध्ये झाला आणि सॉनिक्सने तो ९९-१०५ असा गमावला.

एका सामन्याला एकोणचाळीस हजार तिकिटे खपतात असे दिसल्यावर संघाने १९७८ च्या हंगामापासून आपले बिऱ्हाड त्या घुमटात हलवले. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, त्याने अजिंक्यपद जिंकले. पण बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेल्या त्या घुमटात बास्केटबॉलचे छोटे मैदान हरवून जाई. मागच्या रांगेतील प्रेक्षकाला खेळाडू मुंग्यांएवढे दिसत. १९८५ मध्ये संघ कोलिझियमला परत आला आणि पहिल्याच हिवाळ्यात वर सांगितलेला पावसाचा प्रसंग ओढवला.

या घुमटाची कथा येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. किंग परगण्याने बांधलेला किंगडोम १९७६ मध्ये खुला झाला, म्हणजे तो कोलिझियमहून चौदा वर्षांनी तरुण होता. जुलै १९९४ मध्ये सामना सुरू होण्यापूर्वी काही तास त्याच्या छताचे जड तुकडे प्रेक्षकांच्या आसनांवर कोसळले. त्याची दुरुस्ती झाली, पण बेसबॉल व फुटबॉल या दोन्ही संघांनी स्वतंत्र मैदाने मागून घेतली. २६ मार्च २००० रोजी सुरुंग लावून तो घुमट जमीनदोस्त करण्यात आला. वास्तू अवघी चोवीस वर्षे टिकली. तिच्यासाठी काढलेले कर्ज मात्र २०१५ पर्यंत फेडावे लागले. जी इमारत अस्तित्वात नाही तिचे हप्ते परगण्याचे नागरिक पंधरा वर्षे भरत होते. कोणत्याही स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकावर बसणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

मैदान पस्तीस फूट खाली

कोलिझियमची पाळी १९९० च्या दशकात आली. दरम्यान व्यावसायिक खेळाचे अर्थशास्त्र बदलले होते. पूर्वी साध्या तिकिटांवर संघ चालत. आता उत्पन्नाचा मोठा भाग श्रीमंत कंपन्यांना वर्षासाठी भाड्याने दिलेल्या खाजगी कक्षांतून, महाग आसनांतून, उपाहारगृहांतून आणि जाहिरातींतून येऊ लागला. १९६४ मध्ये बसवलेल्या बाकांच्या रांगांतून हे उत्पन्न निघणे शक्य नव्हते. संघाच्या मालकाने आधी स्वतःचे क्रीडागृह बांधण्याची योजना मांडली. ती फसल्यावर जुन्या छताखाली नवे क्रीडागृह बांधण्याचा करार महापालिकेशी झाला.

छत वर उचलता येत नव्हते, म्हणून मैदान खाली नेण्यात आले. रस्त्याच्या पातळीपासून ३५ फूट खोल खणून तेथे खेळाची जागा केली. त्यामुळे सुमारे तीन हजार आसने वाढून बास्केटबॉलसाठी एकूण १७,०७२ प्रेक्षकांची सोय झाली. छताच्या मूळ पोलादी कैच्या ठेवून त्यांच्या जोडीला चार नव्या मोठ्या तिरप्या कैच्या बसवण्यात आल्या. पाडकामातून निघालेले लाकूड, पोलाद आणि काँक्रीट पुन्हा वापरले गेले किंवा विकले गेले. आवाज घुमू नये म्हणून छताला लावलेले जुने तक्तेही डागडुजी करून परत बसवले. काम चालू असताना संघ एक हंगाम शेजारच्या टाकोमा शहरात खेळला. महापालिकेने ७ कोटी ४५ लाख डॉलर खर्च केले, संघाने सुमारे २ कोटी. ऑक्टोबर १९९५ मध्ये क्रीडागृह पुन्हा खुले झाले. एका बँकेने १५ वर्षांसाठी १ कोटी ५१ लाख डॉलर देऊन त्याला आपले नाव दिले आणि कोलिझियमचे ‘की अरीना’ झाले. १९९६ मध्ये सॉनिक्स पुन्हा अंतिम मालिकेत पोहोचला. शिकागोकडून तो हरला, पण महापालिकेचा पैसा सत्कारणी लागल्यासारखे सर्वांना वाटले.

त्या बांधकामात एक गोष्ट राहून गेली. मैदानाची मापे केवळ बास्केटबॉलसाठी बेतली होती. बर्फावरील हॉकीचे मैदान त्याहून बरेच लांब असते. शहराचा तरुणांचा हॉकी संघ तेथे खेळे, तेव्हा बर्फाचे मैदान एका टोकाला सरकलेले असे आणि गुणफलक मैदानाच्या मध्यावर येत नसे. एका टोकाच्या बऱ्याच आसनांवरून खेळ नीट दिसत नसे. हा संघ २००९ मध्ये शेजारच्या केंट गावी गेला. १९६२ च्या वास्तूचे सामर्थ्य हे होते की ती कोणा एकासाठी बांधलेली नव्हती. १९९५ ची मांडणी मात्र एका भाडेकरूच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यासारखी झाली. भाडेकरू राहील तोपर्यंत अंगरखा उत्तम.

खर्चाची फेड ज्या उत्पन्नातून व्हायची ते खाजगी कक्ष आणि महाग आसने यांतूनच येणार होते. १९९९ आणि २००२ मध्ये शहरात बेसबॉल व फुटबॉलची नवी भव्य मैदाने खुली झाली. कंपन्या तिकडे वळल्या, कक्ष रिकामे राहू लागले आणि कर्जाचे हप्ते भागवण्यासाठी महापालिकेला इतर निधीत हात घालावा लागला. पुनर्बांधणीला दहा वर्षेही झाली नव्हती.

भाडेपट्ट्याचा दावा

भारतीय वाचकाला येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील व्यावसायिक संघ हे शहराचे नाव धारण करीत असले तरी शहराचे नसतात. ते खाजगी मालमत्ता असतात. त्यांची संख्या संघटना मर्यादित ठेवते आणि तिच्या संमतीने मालक आपला संघ दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. संघ उठून जाऊ शकतो, इमारत जाऊ शकत नाही. वाटाघाटीच्या मेजावर शहराची बाजू पहिल्यापासून लंगडी असते ती यामुळे.

२००६ मध्ये संघाच्या तत्कालीन मालकांनी की अरीनाच्या वाढीसाठी २२ कोटी डॉलरची सार्वजनिक मदत मागितली. राज्याच्या विधिमंडळाने ती दिली नाही. त्याच वर्षी संघ ३५ कोटी डॉलरना ओक्लाहोमा सिटी येथील गुंतवणूकदारांना विकला गेला. नव्या मालकांनी उपनगरात ५० कोटी डॉलरचे क्रीडागृह मागितले. तेही नाकारले गेले. दरम्यान नोव्हेंबर २००६ मध्ये सिएटलच्या मतदारांनी आपला कौल दिला होता. ‘अधिक महत्त्वाच्या गोष्टींसाठी नागरिक’ अशा अर्थाचे नाव घेतलेल्या एका गटाने मांडलेला प्रस्ताव सुमारे ७४ टक्के मतांनी मंजूर झाला. महापालिकेने व्यावसायिक संघांना दिलेल्या जागेवर किंवा पैशावर निदान ३० वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांइतका परतावा मिळालाच पाहिजे, असा तो नियम होता. खेळाचा द्वेष म्हणून हे मत पडले असे समजणे चूक ठरेल. हेच मतदार संघासाठी रस्त्यावर येऊन घोषणा देत होते. संघ हवा, पण शाळा, रस्ते आणि ग्रंथालये यांच्या पैशातून नको, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही भावना एकाच माणसाच्या मनात असू शकतात.

भाडेपट्टा सप्टेंबर २०१० पर्यंत होता. मालकांना २००८ मध्येच निघायचे होते. उरलेल्या दोन वर्षांचे भाडे रोख देतो, आम्हाला मोकळे करा, अशी त्यांची भूमिका होती. महापालिकेचे म्हणणे वेगळे होते. करारात संघाने आपले घरचे सामने येथेच खेळावेत असे स्पष्ट लिहिले आहे. करार खेळाचा आहे, केवळ भाड्याचा नाही, म्हणून पैसे नकोत, कराराची प्रत्यक्ष पूर्तता हवी. गाळ्याचा भाडेकरू मुदतीपूर्वी कुलूप लावून जातो तेव्हा ग्रामपंचायतीपुढे येणारा प्रश्न आकाराने लहान असतो, पण जातीने हाच असतो. बाजारातला एक बंद गाळा शेजारच्या चार गाळ्यांची वर्दळ कमी करतो. त्याची भरपाई भाड्याच्या रकमेत मोजता येत नाही.

जून २००८ मध्ये संघराज्याच्या न्यायालयात सुनावणी झाली. २ जुलै रोजी निकाल जाहीर व्हायचा होता. त्याच्या काही तास आधी उभयपक्षी तडजोड झाली. संघाने महापालिकेला ४ कोटी ५० लाख डॉलर द्यावेत, संघाचे नाव आणि रंग सिएटलकडे राहावेत, असे ठरले. आणखी ३ कोटी डॉलर देण्याची एक अट होती, परंतु त्यासाठी विधिमंडळाने ठरावीक मुदतीत क्रीडागृहाच्या सुधारणेचा निधी मंजूर करणे आवश्यक होते. ते झाले नाही आणि ती रक्कमही मिळाली नाही. १३ एप्रिल २००८ रोजी डॅलसविरुद्ध जिंकलेला सामना हा सॉनिक्सचा त्या छताखालचा अखेरचा सामना ठरला. एकेचाळीस हंगामांचा संबंध संपला. तडजोड फायद्याची की तोट्याची, याविषयी सिएटलमध्ये पुढे बरीच वर्षे वाद चालला. पैशाच्या हिशेबाने पाहिले तर दोन वर्षांच्या भाड्यापेक्षा महापालिकेला पुष्कळ अधिक मिळाले. महापालिकेने मागितले होते ते मात्र पैसे नव्हते.

याच घडामोडींत एक गोष्ट जवळजवळ कोणाच्या लक्षात न येता घडली. सॉनिक्सच्या मालकांकडेच ‘स्टॉर्म’ हा महिलांचा बास्केटबॉल संघ होता. त्याने २००४ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. सिएटलमधीलच महिलांच्या एका गटाने २००८ च्या प्रारंभी तो संघ १ कोटी डॉलरना विकत घेतला आणि शहरातच ठेवला. पस्तीस कोटींच्या सौद्यातील मोठा भाडेकरू गेला, लहान राहिला. या लहान भाडेकरूने २०१०, २०१८ आणि २०२० मध्ये आणखी तीन अजिंक्यपदे शहराला दिली.

सॉनिक्स गेल्यानंतरची दहा वर्षे की अरीना संगीताचे कार्यक्रम, विद्यापीठाचे सामने आणि महिलांचा संघ यांवर चालले. बँकेचा नावाचा करारही संपला. पैसे येणे बंद झाले, पाटी तशीच राहिली, कारण नवे नाव घेणारा कोणी पुढे येत नव्हता. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ विकत घेऊन सिएटलला आणण्याचा मोठा प्रयत्न झाला. नवे क्रीडागृह तयार होईपर्यंत तो याच जुन्या छताखाली खेळणार होता. मे २०१३ मध्ये एनबीएच्या इतर संघमालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर फेटाळले आणि संघ सॅक्रामेंटोतच ठेवू इच्छिणाऱ्या गटाकडे गेला. त्या गटाचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये की अरीना पाडकामासाठी बंद होण्यापूर्वी तेथे जो एनबीएचा अखेरचा सरावसामना झाला, त्यात एक संघ किंग्ज हाच होता. बरोबर एका वर्षाने, ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी, एनबीएचे भारतातील पहिले सामने झाले ते मुंबईत वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल बंदिस्त क्रीडागृहात, आणि तेथेही किंग्ज खेळले. वरळीचे ते क्रीडागृह १९५७ सालचे, म्हणजे सिएटलच्या छताहून पाच वर्षांनी वडील.

छत अधांतरी

२०१७ मध्ये शहराच्या वारसा मंडळाने या वास्तूला संरक्षण दिले आणि २०१८ मध्ये तिचा समावेश राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत झाला. पाडून नवे बांधण्याची सोपी वाट त्यामुळे बंद झाली. महापालिकेने निविदा मागवल्या आणि एका खाजगी कंपनीशी करार केला. या वेळच्या अटी १९९५ च्या अटींपेक्षा निराळ्या होत्या. जमीन आणि इमारत महापालिकेचीच. बांधकामाचा खर्च कंपनीचा. अंदाजापेक्षा खर्च वाढल्यास तोही कंपनीचाच. क्रीडागृहापासून मिळणारे पूर्वीचे उत्पन्न महापालिकेला मिळत राहील अशी हमी. भाडेपट्टा ३९ वर्षांचा आणि आठ-आठ वर्षांच्या दोन मुदतवाढी धरून ५५ वर्षांचा. खर्चवाढीचे कलम कागदावर राहिले नाही. सुरुवातीचा अंदाज ६० कोटी डॉलरच्या आसपास होता, प्रत्यक्ष खर्च ११५ कोटींवर गेला. दोहोंतील फरक करदात्यांवर पडला नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये काम सुरू झाले. छत आणि त्याखालच्या जुन्या काचा हे दोन्ही जपायचे होते. छताचे वजन सुमारे २ कोटी किलो. त्याखाली तात्पुरत्या पोलादी खांबांची रांगच्या रांग उभी करून छत त्यांच्यावर तोलून धरले आणि त्याच्याखालची सारी इमारत, पाया धरून, काढून टाकली. काचा उतरवून जपून ठेवल्या. काही महिने असे होते की प्रचंड खड्ड्यावर छत जणू अधांतरी तरंगत होते. सिएटल भूकंपप्रवण प्रदेशात आहे. २००१ मध्येच तेथे मोठा धक्का बसला होता. म्हणून नुसते तोलून भागणार नव्हते, आडव्या धक्क्यांसाठीही आधार द्यावा लागला. मैदान आता रस्त्यापासून ५३ फूट खाली गेले आणि वास्तूचे अंतर्गत क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. १९६२ मध्ये थिअरी यांनी आत एकही खांब ठेवला नव्हता म्हणूनच हे शक्य झाले.

या वेळी मैदान हॉकीच्या मापाने केले. ज्या उणिवेमुळे तरुणांचा हॉकी संघ गेला होता, ती दूर करून शहराने व्यावसायिक हॉकीचा नवा संघ मिळवला. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रीडागृह ‘क्लायमेट प्लेज अरीना’ या नावाने खुले झाले आणि २३ तारखेला त्या संघाचा घरचा पहिला सामना झाला. त्याच्यासाठी लागणारा बर्फ तयार करण्यास छतावर पडणारे पावसाचे पाणी वापरण्याची व्यवस्था आहे. पन्हळीतून ते सुमारे ५७ हजार लिटरच्या टाकीत साठवले जाते.

बास्केटबॉलही परतला. बांधकामाच्या काळात इतरत्र खेळणारा स्टॉर्म हा महिला संघ २०२२ च्या हंगामासाठी आपल्या जुन्या जागी आला. २००२ पासून त्या संघातून खेळणाऱ्या सू बर्ड यांचा तो निवृत्तीचा हंगाम होता. ७ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांच्या नियमित हंगामातील घरच्या अखेरच्या सामन्याला १८,१०० प्रेक्षक आले. १९९५ च्या जुन्या मांडणीत तेवढी जागाच नव्हती. सामना सिएटलने गमावला, आणि तरीही खेळ संपल्यावर बराच वेळ कोणी आसन सोडले नाही.